२० अंशांचं पाणी

काळी-पांढरी फिल्म धुण्याचा कुठलाही तक्ता घ्या, त्यातल्या मिनिटांच्या आकड्यांमागं बहुतेक वेळा पाण्याचं एकच तापमान धरलेलं असतं: २० अंश. हे तक्ते अमेरिकेतल्या रोचेस्टरला, इंग्लंडमधल्या चेशरला तयार झाले. तिथल्या नळाला ते तापमान परकं नाही. आमच्या भुसावळात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हातावर घेववत नाही. पारा ४५ च्या वर जातो आणि रात्री अकरालाही भिंतीला टेकलं तर पाठ भाजते. अशा गावात मी १२० ची फिल्म वापरतो आणि रोल घरीच धुतो. बघणाऱ्याचं लक्ष कॅमेऱ्याकडे जातं, कारण तो देखणा असतो. पण मला विचाराल तर या कामाचा जीव पाण्यात आहे. खान्देशात राहून फिल्म धुवायची म्हणजे इथल्या उन्हाळ्याशी, कोरड्या हवेशी आणि क्षाराच्या पाण्याशी बोलणी करायची, आणि ती बोलणी मला मनापासून आवडतात.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. माझा याशिका-मॅट १२४ जी आहे, १९७० ते १९८६ या काळात जपानमध्ये बनलेला, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्या भिंगातून फिल्मवर चित्र उमटतं. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून काचेत पाहायचं. चित्र सरळ दिसतं, पण डावं-उजवं उलटं, त्यामुळे रस्त्यानं उजवीकडे निघालेली बैलगाडी काचेत डावीकडे जाते. त्यातला प्रकाशमापक ज्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा तो सेल आता बनत नाही. मला त्याची उणीव भासत नाही. लख्ख उन्हात ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, १६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या, म्हणजे उजेड टिपण्याच्या क्षमतेच्या, आकड्याजवळचा, हा जुना नियम खान्देशात वर्षातला बराच काळ बिनचूक चालतो. ढगांचा भरवसा नसलेल्या मुलखात मापक लागत असेल. इथलं ऊन शब्दाला पक्कं आहे.

१२० ची फिल्म कोडॅकनं १९०१ मध्ये आणली आणि ती आजही बनते. साधारण सहा सेंटिमीटर रुंद पट्टी, तिच्या पाठीला काळा कागद, कागदावर आकडे. माझ्या कॅमेऱ्यात एका रोलवर बारा चौकोनी फोटो बसतात. प्रत्येक निगेटिव्ह ५६ मिलिमीटरचा चौरस, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या फ्रेमपेक्षा क्षेत्रफळानं साडेतीन पटींहून मोठा. खिडकीसमोर धरला तर भिंग न लावताही माणूस ओळखू येतो. ज्यांच्या घरी कधी आग्फा क्लिक थ्री होता त्यांना हा चौकोन आठवत असेल. बडोद्यात बनणारा तो साधा कॅमेरा याच रोलवर चालायचा. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. तिची ‘इंदू’ ही फिल्म एकेकाळी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतही मिळायची. आता १२० चा रोल मुंबईहून किंवा कुरिअरनं मागवावा लागतो, आणि मी तो दिवाळीनंतर मागवतो. एप्रिलमध्ये कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापत आलेला रोल वापरण्याआधीच थोडा म्हातारा झालेला असतो.

रोल धुणं मी अमळनेरकडच्या एका स्टुडिओत शिकलो. स्टुडिओचे मालक, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, तोपर्यंत पासपोर्ट साइझ फोटोंवर आले होते आणि डार्करूममध्ये झेरॉक्सचे कागद रचलेले असायचे. पण हात विसरले नव्हते. त्यांच्या उमेदीच्या काळात धंदा सगळा लग्नसराईचा. आणि आपल्याकडे लग्नसराई म्हणजे एप्रिल-मे. म्हणजे वर्षातलं सगळ्यात जास्त काम वर्षातल्या सगळ्यात वाईट दिवसांत. नाना बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायचे, फोडून घमेल्यात घालायचे आणि घमेल्यात डेव्हलपरचा, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या द्रावणाचा, डबा ठेवायचे. बर्फ डेव्हलपरमध्ये कधी टाकायचा नाही, तो पातळ होतो आणि हिशेब बिघडतो. दाराला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी. काम रात्री दोननंतर. “दिवसा फोटो काढायचा, रात्री धुवायचा, आणि मधल्या वेळात नवरदेवाच्या बापाला तोंड द्यायचं,” असं ते म्हणायचे.

उन्हाळ्याची भीती कशाची, तर फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. गरम पाण्यात जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, नखाचा स्पर्शही उमटतो. एका गरम द्रावणातून एकदम गार पाण्यात गेलं तर त्यावर बारीक सुरकुत्यांची जाळी पडते आणि ती पुन्हा जात नाही. म्हणून उष्ण मुलखातल्या जुन्या पद्धतींत डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे, त्यानं जिलेटिन कमी फुगतं, आणि हायपोत, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात, तुरटी घालायचे. न्हाव्याकडे दाढीनंतर फिरवतात तीच तुरटी. ती जिलेटिनला घट्ट करते. नाना तुरटी ॲसिटिक ॲसिडच्या हिशेबानंच घालत, कारण प्रमाण चुकलं की हायपो दुधासारखं पांढरं होतं. हल्लीच्या चांगल्या फिल्मचा थर कारखान्यातच बराच टणक केलेला असतो, आणि तुरटी घातली की रोल जास्त वेळ पाण्यात खळाळावा लागतो. म्हणून मी तुरटी सोडली. माझा भरवसा माठावर आहे.

आता माठ. मी तो वाळूच्या तिवईवर, खिडकीच्या वाऱ्यात ठेवतो आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळतो. मडक्याच्या भिंतीतून पाझरलेलं पाणी उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण ते किती जातं हे हवेच्या कोरडेपणावर ठरतं, आणि इथं खान्देशचा उन्हाळा अचानक माझ्या बाजूनं उभा राहतो. बाहेर ४३ अंश आणि हवा खडखडीत कोरडी असेल तेव्हा पहाटे माठात थर्मामीटर घातला की २५-२६ दाखवतो. जुलैत पाऊस लागला, हवा ३० वर आली, सगळे सुखावले, तरी माठ २७-२८ च्या खाली उतरत नाही, कारण ओल्या हवेत पाणी उडतच नाही. म्हणजे फिल्म धुणाऱ्याला मे महिन्याची पहाट जुलैच्या संध्याकाळपेक्षा सोयीची. हे पहिल्यांदा थर्मामीटरवर पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. ज्या कोरड्या झळांनी केळीची पानं करपतात, ज्यांच्यापासून बाग वाचवायला रावेर-यावलचे शेतकरी बांधावर शेवरीची आडोशाची रांग लावतात, त्याच झळा माझं पाणी गार करतात.

तरी २६ म्हणजे २० नव्हे. तापमान वाढलं की डेव्हलपर घाई करतो. इलफोर्ड या इंग्लिश कंपनीची एचपी फाइव्ह फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, एका भागाला एक भाग पाणी घालून, २० अंशांना १३ मिनिटं घेते. २४ अंशांना तेच काम नऊ मिनिटांच्या आसपास उरकतं. आणखी गरम झालं की वेळ इतका आखूड होतो की डेव्हलपर ओतायला-काढायला लागणारे सेकंदही निगेटिव्हवर दिसायला लागतात, आकाशात पट्टे येतात. पाच मिनिटांच्या आत यायचं नाही, हा नियम मी पाळतो. त्यावरचा उपाय पाणी वाढवण्याचा आहे. एका भागाला तीन भाग पाणी घातलं की २० अंशांना वीस मिनिटं लागतात, म्हणून माठाच्या पाण्यावरही हातात पुरेसा वेळ राहतो. डेव्हलपर गार करण्याच्या मागं न लागता त्याला सबुरीचा करायचा. आणि मग डेव्हलपर, मधली धुवण, हायपो, शेवटचं पाणी, सगळं माठाच्या पाण्याच्याच एका तापमानाचं. खरं सांगायचं तर फिल्मला २६ अंशांचा त्रास कमी आणि चढउतारांचा जास्त.

रोल रिळावर चढवायचं काम पूर्ण अंधारात, तेही पहाटेच. घामेजल्या हातांनी फिल्म प्लॅस्टिकच्या रिळात अडकते, म्हणून हात धुऊन, कोरडे करून, पंखा बंद करण्याआधी थोडा वेळ त्याच्यासमोर बसायचं. मग दिवा घालवायचा. काळा कागद उलगडत जायचा, फिल्म सुटी करायची, शेवटाला ती कागदाला चिकटपट्टीनं जोडलेली असते. ही पट्टी मी सावकाश सोलतो. झटक्यात ओढली तर सुटणाऱ्या चिकटाच्या कडेला निळसर उजेडाची एक रेघ चमकते. त्या उजेडानं फिल्मची कड धुरकटायला नको म्हणून सावकाश. पण ती रेघ मी पाहिली आहे, आणि दिवा न लावता, बोटांतल्या बोटांत निघालेला तो उजेड पाहून काही क्षण मी काम थांबवून बसलो होतो.

धुतल्यावर खळाळणं. जुन्या स्टुडिओत रोल अर्धा अर्धा तास वाहत्या नळाखाली असायचा. आपल्याकडे नळ कधी चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा येतो. वाघूर, गिरणा ही धरणं भरली की नाही यावर उन्हाळ्याचं सगळं गणित. तिथं फिल्मसाठी नळ सोडून ठेवणं मला पटत नाही. इलफोर्डचीच एक पद्धत आहे: रिळाची बंद टाकी पाण्यानं भरायची, पाच वेळा उलटीसुलटी करायची, पाणी ओतायचं. पुन्हा भरायची, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. दोन लिटरच्या आत फिल्म स्वच्छ. तुरटी सोडण्याचं हे आणखी एक कारण, कारण ही पद्धत तुरटी नसलेल्या हायपोलाच चालते. ते पाणी मी झाडांना घालत नाही. वापरलेलं हायपोही मोरीत ओतत नाही. त्यात फिल्ममधून निघालेली चांदी असते. जुन्या हायपोत लोखंडी काथ्या सोडून ठेवला की लोखंड विरघळतं आणि चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. तो गाळ बाटलीत साठवून ठेवला आहे. जळगावच्या सराफ बाजारात आटणीवाल्याकडे न्यायचा.

शेवटचं पाणी मात्र माठाचं नको. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार इतके की भांड्याच्या तळाशी पांढरी खपली धरते, आणि तेच डाग वाळताना निगेटिव्हवर, नेमके चेहऱ्यावर, बसतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर डेव्हलपरला आणि शेवटच्या बुडीला वापरायचं, त्यात काटकसर करायची नाही. वाळत घालायला न्हाणीघर. आधी जमिनीवर, भिंतींवर पाणी मारून धूळ खाली बसवायची, दार लावायचं, आणि घरातल्यांना सांगून ठेवायचं. मे महिन्यात वीस मिनिटांत फिल्म वाळते आणि कोरडेपणानं गुंडाळी होऊ बघते. तिला खाली चिमट्याचं वजन लावावं लागतं.

हिवाळ्यात यातलं काहीच लागत नाही. जानेवारीत पहाटे नळाचं पाणीच २० अंशांच्या जवळ असतं. तक्ता जसाच्या तसा चालतो. भरीत, कळण्याची भाकरी आणि तक्त्याप्रमाणे १३ मिनिटं. तेव्हा मी रोल पटापट धुतो, पण उन्हाळ्यात जितका जागा असतो तितका नसतो.

उजेडाबद्दलही सांगायला हवं. तापीच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्यावर फुटलेला कापूस. निसर्गात यापेक्षा काळं-पांढरं दृश्य मला तरी माहीत नाही, आणि फिल्मला यापेक्षा अवघडही काही नाही. कापूस नीट आला तर जमीन नुसती शाई, जमीन दिसली तर कापूस नुसता कोरा कागद. उपाय जुना आहे: सावलीतल्या ढेकळांचा विचार करून उजेड द्यायचा आणि धुताना वेळ थोडा कमी करायचा, म्हणजे कापसाचा तंतू राहतो. केळीच्या बागेत उलट. बाहेर डोळे दिपतात आणि आत, पानांच्या छपराखाली, हिरवा अंधार. तिथं पिवळा-हिरवा फिल्टर लावून, तिवईवर, अर्ध्या सेकंदाचं शटर. पान हललं तर हललं. हललेल्या पानाचा फोटो मला आवडतो.

माणसांच्या बाबतीत तर या कॅमेऱ्याचं मला फार कौतुक आहे. डोळ्याला कॅमेरा लावला की समोरच्याला आपलं तोंड दिसत नाही. याशिकात आपण मान खाली घालून उभे असतो आणि बोलता बोलता मान वर करून बघतो. पारोळ्याच्या बाजूला कापूस वेचणाऱ्या एका आजींचा फोटो काढला तेव्हा त्या ओटीतला कापूस सावरत, ताठ, पूर्ण वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. फोनसमोर माणसं आधी हसतात. या डब्यासमोर ती थांबतात. फोटो झाल्यावर त्या पुढं आल्या.

“आते दखाड ना भाऊ, कसा उना फोटू.”

“रोल धोवाना बाकी शे, माय.”

त्यांना यात काही नवल वाटलं नाही. त्यांच्या लग्नात काढलेला फोटोही पंधरा दिवसांनी आला होता म्हणे. कॉपी घेऊन गेलो तेव्हा वेचणी संपली होती. त्यांनी ती हातात धरली, लांब नेली, जवळ आणली, आणि म्हणाल्या, “हाई मीच शे का रे?” मग घरातल्या प्रत्येकाला दाखवून डब्यात, रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवून दिली.

खान्देशाला फोटोचा वारसा आहे आणि तो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेण्यासाठी १८४४ मध्ये नेमला गेलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल पुढं तिथंच राहिला. त्यानं केलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याचशा १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, पण तोवर त्यानं हातात कॅमेराही घेतला होता. अजिंठा-वेरूळचे त्याचे फोटो आज मोलाचे आहेत. १८७९ मध्ये तो गेला आणि त्याची कबर भुसावळात आहे, माझ्या घरापासून सायकलवर जाता येईल इतकी जवळ. त्या काळच्या ओल्या कोलोडियनच्या पद्धतीत काचेची पट्टी ओली असतानाच फोटो काढून धुवावी लागे. आपल्या वाऱ्यात ओली वस्तू ओली राहते किती वेळ! माझं माठाचं कौतुक तिथं फार लहान होतं.

आणि चाळीसगावचे केकी मूस. १९१२ चा जन्म, लंडनला कलेचं शिक्षण, आणि मग चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या घरात १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेतलेला माणूस. एका मुलीची, रात्रीच्या गाडीची वाट बघत ते थांबले, ही गोष्ट गावात सगळे सांगतात, आणि लोक तीच गोष्ट ऐकून परत येतात. मला ती अपुरी वाटते. त्या घराचं आता संग्रहालय आहे, तिथं भिंतींवरचे त्यांचे फोटो जवळून बघा. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, एका दिव्याचा उजेड इकडून तिकडून पाडून त्यांनी दऱ्या-डोंगर उभे केले. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती मोजून घेतली. अर्ध्या शतकाचे चाळीसगावचे उन्हाळे त्या घरानं अंगावर घेतले, आणि तरीही त्या फोटोंत काळा रंग इतका खोल आणि पांढरा इतका स्वच्छ आहे. हे विरहानं होत नाही. हे हातानं, पाण्यानं आणि रोजच्या कामानं होतं. त्या संग्रहालयात मी गेलो की फोटोंसमोर उभा राहतो आणि ते कसे धुतले असतील याचाच विचार करतो. त्यांच्याबद्दलचा माझा आदर तिथून येतो.

शेवटी नानांच्या माळ्याबद्दल. नाना गेले. त्यांच्या मुलानं माळा रिकामा करायला काढला तेव्हा खोक्यांत निगेटिव्ह निघाल्या, बहुतेक १२० च्या, बटर पेपरच्या पाकिटांत, प्रत्येक पाकिटावर नंबर. भंगारवाले अशा निगेटिव्ह वजनावर घेतात, चांदीसाठी. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमधलं चित्र म्हणजे शुद्ध चांदीच असते, त्यामुळे जाळून, आटवून ती निघते. कितीतरी तालुक्यांच्या स्टुडिओंचे साठे असेच गेले, माणसांसकट. नवरा-नवरी, कुर्डया घालणाऱ्या बायका, दहावीच्या वर्गाचे गट, एका बैलजोडीचा सत्कार, सगळं मिळून काही तोळे चांदी. नानांच्या मुलानं भंगारवाल्याला परत पाठवलं आणि मला फोन केला. याबद्दल त्याचे उपकार मानावेत तितके थोडे.

त्यातल्या कित्येक निगेटिव्हवर नानांची पेन्सिल आहे. १२० ची निगेटिव्ह मोठी, म्हणून तिच्या थरावर शिशाच्या अणकुचीदार टोकानं काम करता येतं. नवरीच्या गालावरचा देवीचा वण, डोळ्याखालची काळजी, बारीक बारीक टिंबांनी भरून काढलेली. तिरप्या उजेडात धरलं की ती टिंबं दिसतात. म्हणून या निगेटिव्ह मी पाण्यात घालत नाही, मऊ कुंचल्यानं धूळ काढतो आणि नव्या पाकिटात ठेवतो. एका आठ बाय दहाच्या कागदावर रोलच्या बारा चौकटी मावतात. त्यावर निगेटिव्ह ठेवायच्या, वर काच दाबायची, क्षणभर दिवा लावायचा, कागद धुवायचा, की सगळं लग्न एका नजरेत येतं.

पाकिटांबरोबर नानांच्या वह्याही मिळाल्या आहेत. नंबर, नवरदेवाचं नाव, गाव, तिथी, किती कॉप्या, किती बाकी. अक्षर सुवाच्य आहे. या हिवाळ्यात, नळाचं पाणी गार आहे तोवर, पारोळा आणि चोपडा रस्त्यावरच्या गावांची पाकिटं छापायला घेतली आहेत. तुमच्या आई-वडिलांचं किंवा आजी-आजोबांचं लग्न त्या पट्ट्यात १९६५ ते १९८५ च्या दरम्यान झालं असेल, तर नवरदेवाचं नाव, गाव आणि साल मला कळवा. वहीत सापडलं तर कॉपी मी करून देईन, आणि पैसे लागणार नाहीत.